ऋतुसंधीचा ज्वर : पुडीपलीकडील कर्तव्य

पावसाळा स्थिरावला की, आणि पुन्हा थंडीच्या दिवसांत, आपणा सर्वांच्या चिकित्सालयांत एकाच लक्षणसमूहाचे रुग्ण दाटीने येऊ लागतात. एकाएकी चढलेला ज्वर, अंगमर्द, शिरःशूल, घशाची खवखव आणि कोरडा कास. लोकांच्या बोलीत हा ‘फ्लू’. बहुतेकांत तो आठवड्याभरात आपोआप शमतो, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा हा सोपा व्यवहार समजला जातो. रुग्ण ओझरता पाहून, किंवा न पाहताच, सर्वांना एकच पुडी अथवा एकच काढा देण्याची प्रथा चिकित्सालयांत व औषधांच्या दुकानांत रूढ झाली आहे. ही प्रथा शास्त्रसंमत नाही आणि निरुपद्रवीही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचे चिकित्साक्षेत्र नवी मुंबईच्या उत्तर टोकाचे दिघा. एकीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा, दुसरीकडे डोंगरउताराकडे सरकत गेलेली ईश्वरनगर, इलठणपाडा यांसारखी दाट वस्ती. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव रेल्वे स्थानक सुरू झाल्यापासून लोकलच्या गर्दीशीही या भागाचा थेट संबंध आला आहे. येथील रुग्ण बहुधा पाळीत काम करणारा किंवा रोजंदारीवरील असतो. “उद्या कामावर जाता येईल असं काहीतरी द्या,” एवढीच त्याची मागणी असते. आपण ती पुरवतो, ज्वर काही तास उतरतो आणि रुग्ण कामावर जातो. तो स्वतः विश्रांतीला मुकतोच, शिवाय शेजारच्या यंत्रावरील सहकाऱ्याला आणि एका खोलीत झोपणाऱ्या कुटुंबीयांना व्याधी देऊन येतो.

व्याधी माणसाकडून माणसाकडे जातो हे आपल्या शास्त्राला नवीन नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात औपसर्गिक रोगांमध्ये ज्वराची गणना केली असून अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकत्र शयन आणि वस्त्रे ही संक्रमणाची द्वारे सांगितली आहेत. आधुनिक मतानुसार फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू पसरवू शकतो. म्हणून ज्वरशामक औषध न घेता चोवीस तास ज्वर आला नाही, तरच रुग्णाने कामावर परतावे, हा उपदेश औषधाइतकाच महत्त्वाचा होय. ज्याची रोजी बुडते त्याला तो सांगणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. तरीही निदान दोन-तीन दिवसांची विश्रांती आणि तसे लेखी प्रमाणपत्र देणे आपल्या हाती आहे. वेगळी खोली नसेल तर डोक्याशी डोके येणार नाही अशी झोपण्याची दिशा, उघडी खिडकी, स्वतंत्र भांडे आणि तोंडावर रुमाल किंवा मास्क, इतके कोणत्याही घरात जमते.

चिकित्सेविषयी चरकसंहितेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. तरुण ज्वरात लंघन, स्वेदन, काल, यवागू आणि तिक्त रस ही आमाच्या पाचनाची साधने होत. कषाय रस या अवस्थेत निषिद्ध मानला आहे. लंघन करवितानाही रुग्णाचे बल राखावे, असे आचार्य बजावतात. बालक, वृद्ध व गर्भिणी यांना उपाशी ठेवणे म्हणजे लंघन नव्हे. उष्णोदक, षडंगपानीय, पेया किंवा मुगाचे कढण आणि विश्रांती एवढ्यावर पुष्कळ रुग्ण बरे होतात. अवस्था न पाहता पहिल्याच दिवशी बाटलीतला काढा देणे याला आयुर्वेद म्हणता येत नाही.

त्रिभुवनकीर्ती रसाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. महाराष्ट्रात ज्वर म्हटला की हे नाव ओठांवर येते आणि योग्य अवस्थेत, योग्य मात्रेत त्याचा उपयोग आपण सारे करतो. परंतु त्यात वत्सनाभ व हिंगुळ आहेत आणि धत्तूरस्वरसाची भावना आहे. ही तिन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली असून अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. हृद्रोग्याला वत्सनाभाची अधिक मात्रा प्राणघातक ठरू शकते. औषध दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की, ‘सर्दी-तापाची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून हा कल्प चिठ्ठीवाचून देऊ नये. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. विषाणूवर ती चालत नाहीत. जंतूंचा उपसर्ग जोडीला झाल्याचे वैद्यकीय निदान असेल तरच त्यांना स्थान आहे. पुडीत गुपचूप स्टिरॉइड मिसळण्याचा प्रकार तर कोणत्याही पॅथीच्या नावाला काळिमा आहे.

याहून गंभीर प्रश्न रुग्ण कधी पुढे पाठवावा हा आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेली साथ त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक उग्र होऊन परतली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. तेव्हा घरोघरी रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधल्या गेल्या. पण तरुणांना आणि गर्भवतींनाही या विषाणूपासून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, हा त्या साथीचा खरा धडा होता. तोच विषाणू पुढे हंगामी फ्लूचा भाग झाला. म्हणून गर्भिणी, पाच वर्षांखालील बालके, वृद्ध, मधुमेही, दमेकरी, हृदय व वृक्कविकारी यांना पहिल्याच भेटीत वेगळे काढावे. विषाणुरोधक ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. असा रुग्ण तीन दिवस आपल्या काढ्यावर ठेवणे म्हणजे त्याची ती संधी घालविणे होय. श्वास लागणे, छातीत दुखणे, ग्लानी वा भ्रम, ओठांवर नीलिमा, थुंकीत रक्त, बालकाने स्तनपान वा अन्न नाकारणे, आणि उतरलेला ज्वर पुन्हा उसळणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णालयाची चिठ्ठी लिहावी. पावसाळ्यात हिवताप, डेंगू व लेप्टोस्पायरोसिस यांचाही आरंभ असाच असतो. म्हणून रक्ततपासणीचा आळस नको, आणि डेंगूची शंका फिटेपर्यंत ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन नको. साध्यासाध्यविवेक हा वैद्याचा पहिला गुण मानला गेला आहे. रुग्ण पुढे पाठविण्यात कमीपणा नाही.

प्रतिबंधाचा विचार आपल्याकडे ऋतुचर्येत आहेच. मावळत्या ऋतूचे शेवटचे आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस, हा ऋतुसंधी. त्यात पूर्वीचा आहार-विहार हळूहळू सोडून नवा स्वीकारावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. त्याच्या जोडीला हातांची स्वच्छता आणि जोखमीच्या व्यक्तींना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेण्याचा सल्ला आपण निःसंकोच द्यावा. लशीचा सल्ला दिल्याने आयुर्वेदाशी द्रोह होतो, हा समज आम्हांस मान्य नाही. अनागत व्याधीचा प्रतिषेध हे आपल्याच शास्त्राचे सूत्र आहे.

चरकसंहितेच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात पुनर्वसु आत्रेय ग्रीष्माच्या अखेरीस शिष्यांना सांगतात की, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवा. साथ येण्याआधीची ही सिद्धता आज आपणांस वेगळ्या रीतीने करावी लागेल. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक चिकित्सालयात तापमापक व ऑक्सिमीटर तपासलेले असावेत, जोखमीच्या रुग्णांची यादी तयार असावी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असावा. औषध दुकानांत षडंगपानीयाची द्रव्ये ताजी असावीत आणि धोक्याच्या लक्षणांचा मराठी व हिंदी फलक दर्शनी भागी असावा. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत एवढ्या गोष्टींचा आढावा घ्यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.