वरातीपलीकडचा बँड

चैत्र लागला, की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात वाद्यांचा हंगाम सुरू होतो. पाडव्याला स्वागतयात्रा निघतात. ही प्रथा १९९९ साली डोंबिवलीत सुरू झाली आणि पाहता पाहता शेजारच्या शहरांनी ती आपलीशी केली. पाडव्याला लागूनच उल्हासनगरात सिंधी समाजाचा चेटीचंडाचा उत्सव येतो. त्यानंतर थेट ज्येष्ठापर्यंत चिखलोलीच्या परिसरातील वस्त्यांतून हळदीच्या आणि वरातीच्या रात्री ब्रास बँड वाजत राहतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मुहूर्त संपतात, आणि वाद्ये खोळींत जातात. पुढे गणेशोत्सवाचे काही दिवस आणि तुलसीविवाहानंतरची लग्ने सोडली, तर बँड कोणाला आठवत नाही. वाद्य वाजविणारा माणूस मात्र बाराही महिने जगत असतो. त्याच्या या जगण्याचा विचार आपल्या नागरी जीवनात कोठेच होत नाही, आणि तो व्हावयास हवा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ब्रास बँड हे वाद्यवृंदाचे रूप आपल्याकडे परदेशातून आले, हे उघड आहे. लष्करी छावण्या आणि संस्थानिकांचे दरबार यांतून ते शहरांत आणि तेथून लग्नमंडपात उतरले. परंतु जे परके होते ते परके राहिले नाही. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत धवलारणीचे धवळे आणि बँडवरची कोळीगीते एकाच लग्नात सुखाने नांदतात. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यांनी या किनाऱ्याचा ठेका असा काही आत्मसात केला आहे, की ती वाद्ये इथलीच वाटावीत. या वाद्यांचा मोठा भाग उत्तर प्रदेशातील मेरठच्या जली कोठी भागात तयार होतो, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते. वाद्य विलायती, कारागीर मेरठचा, चाल आगरी आणि प्रसंग हळदीचा, असा हा खरा भारतीय संगम आहे. ‘बँड ही आपली संस्कृती नव्हे’ हा आक्षेप म्हणूनच टिकणारा नाही. हार्मोनियमही एके काळी परकीच होती.

प्रश्न संस्कृतीचा असण्यापेक्षा अर्थव्यवस्थेचा अधिक आहे. बँडचा धंदा हा शुद्ध हंगामी धंदा आहे. शेतमजुराप्रमाणेच वाजंत्र्याचेही वर्ष कामाचे थोडे महिने आणि बेकारीचे फार, असे विभागलेले असते. मालक सुपारी घेतो, हंगामापूर्वी वादकांना उचल देतो, आणि ही उचल फेडण्यातच हंगामाची बरीच कमाई जाते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल. मालकही श्रीमंत असतो असे नाही. वाद्ये, गणवेश, गाडी यांत अडकलेल्या भांडवलावर त्याला वर्षातून काही आठवडेच उत्पन्न मिळते. हंगामच बुडाला तर दोघेही बुडतात. मार्च १९२० किंवा १९३० च्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या काळातील गोष्ट पाहा. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाली आणि ऐन लग्नसराई हातची गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. पंचवीस माणसांच्या लग्नात वीस माणसांचा बँड कोण बोलावणार? लागोपाठ दोन उन्हाळे असे गेले. २०२४ च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र यांचे अस्त एकत्र आल्याने मुहूर्तांचाच दुष्काळ पडला. ज्या व्यवसायाची मागणी पंचांग ठरविते, त्याला विमा नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि कामगार म्हणून ओळखही जवळजवळ नाही. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ साली ई-श्रम पोर्टल सुरू झाले खरे. पण नोंदणी म्हणजे उत्पन्न नव्हे.

या हंगामी दारिद्र्यावर आता यंत्राचा घाव पडला आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी आणि संगीत यांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन साधे होते. कारखान्यात यंत्रे सुधारली की एका कामगाराचे उत्पादन वाढते, म्हणून त्याची मजुरी वाढविता येते. पण चौघांनी वाजवावयाची रचना शंभर वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागत असे आणि आजही चौघांनाच वाजवावी लागते. इतर क्षेत्रांतील वेतनाबरोबर कलावंताचे वेतन वाढले नाही, तर तो कला सोडतो. वाढले, तर कला महाग होते. चिखलोली-मोरिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात आठ तासांची पाळी करून जो तरुण ठराविक पगार घेऊ शकतो, तो क्लॅरिनेटवर बोटे बसविण्यासाठी काही वर्षे का घालवील? आणि वीस वादकांऐवजी एक माणूस, एक ट्रक आणि ध्वनिवर्धकांची भिंत यांवर काम भागत असेल, तर यजमान तरी बँड का ठरवील? डीजेच्या विजयाचे कारण अभिरुचीत शोधणे चुकीचे आहे; ते श्रमाच्या आणि भांडवलाच्या सापेक्ष किमतींत आहे.

मात्र या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो. तो शेजाऱ्यांनी सोसावयाचा असतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकच नव्हे, तर वाद्येही वाजविण्यास मनाई आहे. हे बंधन बँडलाही आहे, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आणि आजचे अनेक बँड स्वतःच कर्णे आणि विजेवरची वाद्ये घेऊन हिंडतात, हेही नाकारता येणार नाही. तरीही फुंकून वाजवावयाच्या वाद्याला माणसाच्या दमाची मर्यादा असते; ट्रकवरच्या यंत्राला ती नसते. यंत्राचा आवाज स्वस्त वाटतो, कारण त्याची पूर्ण किंमत यजमान देतच नाही. ती आजारी माणूस, तान्हे मूल आणि परीक्षेचा विद्यार्थी देतो.

मग उपाय काय? बँड केवळ वरातीसाठीच असतो, हे आपले गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. इटलीत, विशेषतः तिच्या दक्षिण भागात, गावोगावी नागरी बँड असण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. उन्हाळ्यात ग्रामदेवतेसारख्या मानलेल्या संतांचे उत्सव येतात. चौकात दिव्यांनी मढविलेला मंच उभा राहतो. आणि ज्यांना नाट्यगृहाचे तिकीट कधी परवडले नाही, असे शेतकरी आणि कारागीर संगीतिकांतील रचना उघड्यावर ऐकतात. हा बँड कोणा एका यजमानाचा नसतो, गावाचा असतो. तेथे वादकांइतकाच महत्त्वाचा असतो तो शिक्षक. ज्युझेप्पे व्हेर्दी हा एका लहानशा खेड्यातील खानावळवाल्याचा मुलगा. बुस्सेतो या गावाने १८३६ साली त्याला संगीतशिक्षक नेमले. पिएत्रो मास्काग्नी हा चेरिन्योला या गावात वाद्यवृंदाचा शिक्षक असताना त्याने ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ ही संगीतिका रचली. १८९० साली ती रोममध्ये गाजली आणि तो जगाला माहीत झाला. लहान गावांच्या तिजोरीतून गेलेल्या त्या तुटपुंज्या पगारांचा परतावा जगाला किती मिळाला, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडता येणार नाही.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि वाद्ये शिकविली जात. शिकविणाऱ्या ‘मेस्त्री’ने पेरलेले हे बीज पुढे मुंबईत उगवले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी जे स्थान मिळविले, ते या शिक्षणाच्या बळावर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका पात्राला त्यांचे नाव मिळाल्याने ते घरोघर पोहोचविले. पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानातील बँडस्टँड पाहिला, की संगीतासाठी शहरात जागा राखून ठेवावयाची असते, ही कल्पना किती साधी आहे ते कळते. मुंबईत तर ‘बँडस्टँड’ हे नाव उरले आहे; बँड गेला आहे.

आता नेहमीचा आक्षेप. ज्या नगरपालिकांना पाणी, रस्ते आणि कचरा यांचे प्रश्न सुटत नाहीत, त्यांनी बाजे वाजवावेत काय? आक्षेप वजनदार आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नागरिकाने तो घेतला तर त्याला दोष देता येत नाही. परंतु पाण्याच्या योजनेसाठी लागणारा पैसा आणि चार सायंकाळच्या वादनासाठी लागणारा पैसा यांची बरोबरीच नाही. शिवाय कायद्यानेच हा मार्ग मोकळा ठेवला आहे. उल्हासनगरला लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्यांची जी यादी आहे, तीत सार्वजनिक ठिकाणी संगीताची व करमणुकीची सोय करण्याचा समावेश आहे. कायदा करणाऱ्यांना हे चैनीचे वाटले नव्हते. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून ज्या शहराला १९४९ साली नाव मिळाले, त्या शहराला सामुदायिक आनंदाची गरज वेगळी सांगावयास नको.

दुसरा आक्षेप असा, की ढोल-ताशांची पथके स्वयंसेवकांच्या बळावर, सरकारी मदतीशिवाय चालतात. मग बँडनेच हात का पसरावा? पथकांचे कौतुक आहेच. पण पथकातील तरुण-तरुणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हौसेने वाजवितात; बँडवाला पोटासाठी वाजवितो. आपल्या समाजात वादनाचे काम जातीला बांधलेले होते. गुरवाने सनई फुंकावी, मातंगाने हलगी वाजवावी, आणि मंडपाबाहेर थांबावे. बँडने वादकाला जरीचा गणवेश दिला. पंगतीत पान दिले नाही. तेच वाद्य सुशिक्षितांच्या हाती हौस म्हणून आले की ती संस्कृती ठरते आणि गरिबाच्या हाती पोट म्हणून असले की ती हमाली ठरते, हा भेद सार्वजनिक मंचानेच पुसला जाईल. ज्याला आपण वरातीत पाठमोरा पाहतो, त्याला एका सायंकाळी समोर बसून ऐकले पाहिजे.

म्हणून सूचना मोठ्या नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही नागरी संस्थांनी मे महिन्यातील रविवारी, सूर्यास्तापासून नऊ वाजेपर्यंत, एखाद्या उद्यानात स्थानिक बँडचे ध्वनिवर्धकाविना वादन ठेवावे. मानधन वादकाच्या स्वतःच्या खात्यात जावे. उचलीत वळते होऊ नये. परीक्षा संपलेल्या मुलांसाठी पालिकेच्या शाळांत उन्हाळी वर्ग काढावेत, आणि तेथे बँडमास्तरांनाच शिक्षक नेमावे. त्यांच्याजवळ पदवी नसेल; विद्या आहे. पावसाळ्याच्या बेकार महिन्यांत हेच वर्ग पुढे चालू राहिले, तर वादकाच्या वर्षाला थोडा आधार मिळेल आणि गरीब मुलाच्या हाती एक वाद्य येईल. वाद्ये शाळेच्या मालकीची असावीत आणि मुलांना ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे घरी न्यावयास मिळावीत.

हा भाग वेगाने बदलत आहे. कल्याण-बदलापूर दरम्यानच्या तिसऱ्या-चौथ्या लोहमार्गाबरोबर चिखलोली स्थानकाचाही आराखड्यात समावेश झाला. स्थानक म्हणजे वस्ती, वस्ती म्हणजे इमारती, आणि जुने गाव पाहता पाहता पत्त्यातले एक नाव बनते. जवळच शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. शिलाहारांनी दगडात केलेली गुंतवणूक नऊशेहून अधिक वर्षे टिकली. श्वासात केलेली गुंतवणूक दगडासारखी टिकत नाही. ती दर पिढीला नव्याने करावी लागते. नव्या चिखलोलीच्या आराखड्यात वाहनतळाला जागा असेल, बाजाराला असेल. एका लहानशा बँडस्टँडला तीत जागा ठेवावी, ही मागणी नागरिकांनी आराखडे पक्के होण्यापूर्वीच केली पाहिजे. नंतर ती केवळ हळहळ ठरेल.