देशी डोळा आणि शिवेवरची माणसे

'स्वदेशी' हे विशेषण एखाद्या वस्तूच्या आधी लागले की त्या वस्तूविषयी विचारायचे प्रश्न आपोआप संपतात, अशी एक समजूत आपल्या सार्वजनिक भाषेत घट्ट रुजली आहे. सरहद्दीवर टेहळणी करणाऱ्या देशी बनावटीच्या ड्रोनविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात या समजुतीचा वारंवार प्रत्यय येतो. गरुडाची नजर काय, तिसरा डोळा काय, उपमांची नुसती रेलचेल! आम्ही साहित्याचे शिक्षक. विमानविद्येतले आम्हांला फारसे कळत नाही. पण विशेषणे तपासणे हा आमचा रोजचा धंदा आहे, आणि त्या अधिकारात चार शब्द लिहीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ड्रोन नकोत असे आम्ही म्हणत नाही. १९९९ साली कारगिलमध्ये घुसखोरी झाली तेव्हा आपल्याजवळ टेहळणीची पुरेशी साधने नव्हती, आणि मानवविरहित विमानांच्या उणिवेची दखल कारगिल आढावा समितीनेही घेतली होती. बर्फात गस्त घालणाऱ्या जवानाचे प्राण एखाद्या यंत्रामुळे वाचत असतील तर त्याला विरोध करणारा करंटाच म्हणावा लागेल. मात्र त्याच कारगिलची दुसरी आठवण आपण सोयीस्करपणे विसरतो. घुसखोरीची पहिली खबर आणली ती डोंगरात फिरणाऱ्या मेंढपाळांनी. त्यांना ती माणसे उपरी वाटली, कारण तिथली नेहमीची माणसे कोण हे त्यांना ठाऊक होते. दिसणे आणि ओळखणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. यंत्र पहिली करते. दुसरी करायला त्या मुलुखाशी नाते असावे लागते.

आता 'स्वदेशी'कडे वळू. ज्याचा गाजावाजा सर्वाधिक झाला तो 'तापस' हा ड्रोन ३० हजार फूट उंची आणि सलग २४ तास उड्डाण हे लष्कराचे निकष पूर्ण करू शकला नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा एक नमुना कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या शेतात कोसळला. नौदलाला २०२४ च्या जानेवारीत मिळालेला 'दृष्टी-१०' हैदराबादेत तयार झाला खरा, पण त्याचे मूळ इस्राएली 'हर्मिस ९००' मध्ये आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवली. परिणामी २०२५ च्या फेब्रुवारीत चिनी सुटे भाग आढळण्याच्या कारणावरून ४०० ड्रोनचे करार रद्द करावे लागले. या अपयशांबद्दल शास्त्रज्ञांना हिणवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. संशोधनात यंत्रे कोसळतातच. आमचा आक्षेप आहे तो नावावर. संस्कृत नाव दिले की वस्तू देशी होते, हा बारशाचा न्याय झाला.

समजा, उद्या शेवटचा स्क्रूसुद्धा इथेच बनला, तरी आमचा मुख्य प्रश्न तसाच उरतो. देशी म्हणजे न्याय्य, हे समीकरण कोणी आणि कधी सिद्ध केले? देशीवादाची चर्चा मराठीत कित्येक दशके चालली आहे, आणि तिचा अर्धामुर्धा पाठ वर्गात गिरवणाऱ्यांत आम्हीही आहोत. म्हणून आपल्याच गावाच्या शिवेचे उदाहरण घेऊ. वेशीवर राखण करायला आपल्याकडे वेसकर असे. हे काम महारांकडे होते. गावात कोण आले, कोण गेले यावर त्याची नजर असे. पण ज्या गावाची तो राखण करी त्या गावात घर बांधायला त्याला जागा नव्हती. तो गावकुसाबाहेर राही आणि मोबदल्यात भाकरी मागून घेई. राखणदार देशी, वेस देशी, व्यवस्थाही अस्सल देशी, आणि तरीही ती अन्यायाची होती. ही वतनदारी मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; ती कायद्याने संपायला १९५८ पर्यंत वाट पाहावी लागली. हा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाने तरी 'देशी पहारा' या शब्दांनी हुरळून जाऊ नये.

नकाशावर सरहद्द ही एक रेघ असते. जमिनीवर ती वस्ती असते. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. १९७५ च्या उभयपक्षी मार्गदर्शक तत्त्वांमुळे कुंपण साधारणतः शून्यरेषेपासून दीडशे यार्ड आत घालावे लागले. त्यामुळे भारतीय शेतकऱ्यांची शेते, काही ठिकाणी तर घरेही, कुंपणापलीकडे राहिली आहेत. फाटक उघडेल तेव्हा शेतावर जायचे आणि ते बंद होण्याआधी परतायचे, असा त्यांचा दिनक्रम. वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांची आणि तस्कराची आकृती सारखीच दिसणार. शिवाय रेघही जागेवर राहत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाब, पश्चिम बंगाल आणि आसाम या राज्यांत सीमा सुरक्षा दलाचे अधिकारक्षेत्र १५ किलोमीटरांवरून ५० किलोमीटरांवर नेण्यात आले.

आणि रेघ सरकली की डोळाही सरकतो. सीमा सुरक्षा दलाच्या टेकनपूर येथील अश्रुधूर केंद्राने ड्रोनवरून अश्रुधुराची नळकांडी टाकण्याचे देशी तंत्र २०२२ साली विकसित केले. २०२४ च्या फेब्रुवारीत हरयाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधूर सोडला तो कोणावर? हमीभाव मागत दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर. स्थळ होते शंभू बॉर्डर. पंजाब आणि हरयाणा या एकाच देशातल्या दोन राज्यांमधल्या नाक्याला आपण बिनदिक्कत 'बॉर्डर' म्हणू लागलो, आणि सरहद्दीला शोभणारी साधने तिथे विनासायास पोचली. शब्द आधी पोचला, यंत्र मागून आले. शेतकऱ्यांनी उत्तरादाखल पतंग उडवले, ड्रोन मांजात गुंतून पडावेत म्हणून. त्या पतंगांइतकी नेमकी टीका आमच्या पिढीच्या एकाही समीक्षकाला साधलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, कायदा आहे की! जरूर आहे. पण २०२१ चे ड्रोन नियम सैन्यदलांच्या ड्रोनना लागूच नाहीत, आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात राष्ट्राच्या सुरक्षेच्या कारणासाठी शासनयंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. लष्कराला काही मोकळीक लागते हे मान्य. परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो कुंपणालगत राहणाऱ्यांना वगळून नव्हे. काय टिपले, किती दिवस ठेवले, कोणी पाहिले आणि चुकले तर जबाब कोण देणार, या चार प्रश्नांची उत्तरे मागणे हा देशद्रोह ठरत असेल, तर 'नागरिक' हा शब्दही आता कोशातून काढून टाकावा.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात पडावे कशाला, असा प्रश्न आमच्याच स्टाफरूममध्ये विचारला जातो. आमचे उत्तर साधे आहे. कथनात निवेदक कुठे उभा आहे, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवतो. सर्वसाक्षी निवेदकावर विश्वास ठेवू नका, असेही बजावतो. मग तोच निवेदक कॅमेरा लावून आकाशात घिरट्या घालू लागला की आपण टाळ्या वाजवायच्या? कादंबरीपुरता संशय आणि वर्तमानपत्रापुरती श्रद्धा, अशी वाटणी करून दिलेले शिक्षण परीक्षेपुरतेच उरते. ड्रोन देशी असो वा परदेशी, त्याच्यामागे बसून पडद्याकडे पाहणारा माणूस कोणाला जबाबदार आहे, हे विचारण्याची सवय वर्गातूनच लागायला हवी. ती लावण्याचा पगार आपण घेतो.