धोट्याची थुंकी

आपल्या सभांत इतिहास म्हणजे हार. तसबिरीला घातला, घोषणा दिल्या, झाला इतिहास. मग कुणी मोर्चेवाला येतो, 'आधी एक व्हा, तुमचं नंतर बघू' म्हणतो, अन् आपली पोरं त्याच्या सतरंज्या उचलायला धावतात. हे 'नंतर' किती जुनं आहे ते तरी बघा.

मुंबईच्या गिरण्यांत रिंगखात्यात आमची माणसं, कमी पगारावर. कापडखात्यात पगार जास्त, तिथे अस्पृश्याला बंदी. का? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावं लागे. महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार! ही बंदी शेजारी राबणाऱ्या कामगाराने पाळली होती. बाहेर गेटावर तोच एकीच्या घोषणा देत होता.

१९२८ चा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, ही बंदी उठवायची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात नाहीत. तेव्हा कुठे नाखुशीने ती यादीत शिरली. मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल, पण आम्ही केलेला नाही! मालकाला हे बोलायची सोय कुणी करून दिली? १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी उघड विरोध केला. त्याबद्दल त्यांना शिव्या घालणारे कापडखात्याचं नाव काढत नाहीत.

पण इथेच पुस्तक मिटणारे आपल्यातही आहेत. म्हणतात, बाबासाहेबांनी कामगार एकीला लाथ मारली, आपणही मारू. साफ खोटं. संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष अन् कम्युनिस्ट बरोबरीने उतरले. मधल्या दहा वर्षांत फरक काय पडला? १९३६ ला स्वतःचा पक्ष काढला, १९३७ ला असेंब्लीत आमदार बसवले. १९३८ ला आम्ही कुणाचं शेपूट नव्हतो.

मी राबतो त्या गिरणीत साचे आता बिनधोट्याचे आहेत. थुंकीचा प्रश्न मिटला. युनियनच्या कमिटीत आमचा माणूस अजून नाही.

तेव्हा आघाडीचं निमंत्रण आलं तर जरूर जा, पण मागण्यांचा कागद आधी हातात घ्या. हाताने मैला उचलण्यावर १९९३ ला बंदी आली, २०१३ ला पुन्हा कायदा झाला, माणसं अजून गटारात गुदमरून मरतात. विचारा त्यांना, तो कंत्राटी सफाई कामगार तुमच्या यादीत कितव्या नंबरावर आहे?