चौथी पातळी आणि रुग्णाची खाट

चीनला एमबीबीएस करायला निघालेल्या मुलामुलींचे पालक चिनी भाषेच्या वर्गात चौकशीला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘एचएसके फोर किती महिन्यांत होईल?’ प्रश्नात गैर काही नाही. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२मध्ये काढलेल्या सूचनापत्रात स्पष्टच म्हटले होते, की अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी विद्यार्थ्याला किमान एचएसके या चिनी प्रावीण्य परीक्षेच्या चौथ्या पातळीइतकी चिनी यायलाच हवी, कारण रुग्णांशी बोलावे लागते. ती आली नाही तर पदवी मिळणार नाही. त्याच पत्रात आणखी एक आकडा होता. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेले ४०,४१७ विद्यार्थी भारतातल्या परवाना परीक्षेला बसले आणि त्यांतले ६,३८७ उत्तीर्ण झाले. अपयशाची कारणे अनेक असतील. पण रुग्ण काय सांगतो आहे हेच ज्याला कळले नाही, त्याचे वॉर्डातले शिक्षण वाया गेले, हे त्यातले एक असणारच असे आम्हाला वाटते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या नाशिकमध्ये ही काळजी कोणाला समजावून सांगायला नको.

आता ही चौथी पातळी म्हणजे काय ते पाहू. २०१०च्या रचनेप्रमाणे तिचा शब्दसंग्रह १,२०० शब्दांचा. एकूण प्रश्न १०० : श्रवणाचे ४५, वाचनाचे ४०, लेखनाचे १५. गुण ३००, उत्तीर्ण व्हायला १८०. बोलण्याचा प्रश्न एकही नाही. म्हणजे नियमामागचे कारण रुग्णाशी बोलणे, आणि ज्या परीक्षेचे नाव नियमात आहे तिच्यात तोंड उघडावे लागत नाही. या महिन्यात सहकारी शिक्षकांपुढे ठेवायची गोष्ट हीच आहे. परीक्षा घेणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी बोलण्याची परीक्षा वेगळी ठेवली आहे, एचएसकेके या नावाने, प्राथमिक, मध्यम आणि उच्च अशा तीन स्तरांची. तिची तयारी कधी सुरू करायची, हे बहुतेक वेळा वर्ग चालवणाऱ्याच्या हातात असते. पहिल्या दोन पातळ्यांपर्यंत आपल्यापैकी अनेक जण तिचा विषयही काढत नाहीत.

एचएसकेकेतही एक उणीव आहे. उमेदवार माणसाशी बोलत नाही, ध्वनिमुद्रणयंत्राशी बोलतो. प्राथमिक स्तरावर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायचे, ऐकलेल्या प्रश्नाला छोटे उत्तर द्यायचे, शेवटी दोन प्रश्नांवर थोडे बोलायचे. मध्यम स्तरावर चित्रवर्णन येते. समोरच्याने मध्येच तोडले, पुन्हा विचारले, सिछ्वानच्या खेड्यातल्या म्हातारीने आपल्या बोलीत उत्तर दिले, तर काय करायचे हे इथे तपासलेच जात नाही. खरे बोलणे सुरू होते ते तिथेच.

मूळ एचएसके परीक्षेवर काम १९८४मध्ये बीजिंगच्या भाषा संस्थेत सुरू झाले आणि १९९०पासून ती चीनमध्ये रीतसर होऊ लागली. तेव्हाची परीक्षा अवघड होती, अकरा श्रेणींची. २०१०मध्ये ती सहा पातळ्यांची झाली आणि खालच्या पायऱ्या मुद्दाम सोप्या केल्या गेल्या : पहिलीला १५० शब्द, दुसरीला ३००, दोन्हींत चिन्हांवर पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांतला उच्चार, छापलेले, उत्तरे चित्रे जुळवून किंवा चूक-बरोबर ठरवून द्यायची. नवशिक्याला हुरूप यावा हा हेतू चांगलाच होता. पण सहावी पातळी म्हणजे युरोपीय मापनातली सर्वोच्च सी-टू, असा जो दावा केला गेला, तो जर्मन भाषक प्रदेशांतल्या चिनी शिक्षकांच्या संघटनेने त्याच वर्षी नाकारला; त्यांच्या मते ती फार तर बी-टू. आपल्याकडे मात्र माहितीपत्रकांत अजूनही सहावी म्हणजे सी-टू असे दाखवणारा जुना तक्ता छापला जातो. तो काढून टाकावा, अशी आमची विनंती आहे.

मार्च २०२१मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने नवी मानके जाहीर केली, नऊ पातळ्यांची. पहिल्या तीन पातळ्यांत मिळून २,२४५ शब्द आणि ९०० चिन्हे. नवव्यापर्यंत ११,०९२ शब्द आणि ३,००० चिन्हे. सातवी ते नववी ही एकच परीक्षा असून ती पहिल्यांदा नोव्हेंबर २०२२मध्ये झाली. तिच्यात बोलणे आणि भाषांतर दोन्ही आहे. शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा एक तपशील त्या मानकांत आहे : पहिल्या तीन पातळ्यांत ओळखायची चिन्हे ९००, पण हाताने लिहिता यायला हवीत ती ३००. वाचायला यावे ते आणि लिहायला यावे ते वेगळे काढल्याने विद्यार्थ्यांच्या वह्यांवरचा मोठा भार हलका होऊ शकतो. त्यातून सुटलेला वेळ बोलण्याला द्यावा.

हे इतके आग्रहाने सांगण्याचे कारण आपल्या विद्यार्थ्यांच्या जिभेत आणि कानात आहे. मराठी माणूस चिनी उच्चारांच्या बाबतीत इंग्रजी माणसापेक्षा कितीतरी पुढून सुरुवात करू शकतो, आणि आपण त्याला रोमन अक्षरांच्या दारातून आत घेऊन ती आघाडी घालवतो. पिनयिनमध्ये रोमन ‘बी’ दिसला की विद्यार्थी ‘ब’ म्हणतो. चिनीत तिथे ‘प’ असतो. ‘डी’च्या जागी ‘त’, ‘टी’च्या जागी ‘थ’, ‘जी’च्या जागी ‘क’, ‘के’च्या जागी ‘ख’. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपण बालवाडीत शिकलो आहोत, तोच इथे हवा आहे. ‘पी’च्या जागी ‘फ’ हवा, पण दोन्ही ओठ मिटून काढलेला. शहरातली मुले ‘फळ’ म्हणताना दात ओठावर टेकवतात, तो फ वेगळा आणि चिनीत तोही आहे. ‘चिंच’ या शब्दातला शेवटचा च म्हणजे पिनयिनचा ‘झेड’, आणि पहिला च ‘जे’च्या अगदी जवळचा. ‘क्यू’ला छ, ‘एक्स’ला श. ‘एसएच’ला ष, आपण लिहितो पण बहुतेक जण उच्चारत नाही तो मूर्धन्य ष. खरोखर नव्याने शिकवावे लागते ते थोडेच : चिंचेतल्या त्या शेवटच्या चचा महाप्राण, जीभ वळवून काढायचा र, ओठ गोल ठेवून म्हटलेला ई. पहिल्या आठवड्यात देवनागरीचा तक्ता फळ्यावर लावा आणि पिनयिन नंतर आणा.

सुरांचे तसे नाही. तिथे आपल्याला काही आयते मिळत नाही, उलट एक सवय आड येते. ‘तू आलास’ आणि ‘तू आलास?’ यांतला फरक मराठी माणूस फक्त शेवटचा आवाज चढवून करतो. चिनीत प्रश्न विचारतानाही तो शेवटच्या शब्दाचा आवाज असाच चढवतो आणि त्या शब्दाचा सूर बिघडतो. ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणे, चौथ्या सुरात म्हणजे विकणे. नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखानदाराने चिनी पुरवठादाराशी बोलताना हा घोळ केला तर संदर्भाने निभावून जाईल. वॉर्डात औषधाचे नाव किंवा दुखण्याची जागा सांगताना दर वेळी निभावेल असे नाही.

आणि हा दोष लेखी परीक्षेत दिसत नाही. संगणकावर परीक्षा देणारा विद्यार्थी पिनयिन टंकतो आणि समोर आलेल्या चिन्हांतून एक निवडतो. टंकताना सूर द्यावा लागत नाही. म्हणजे सुरांचा गंध नसलेला विद्यार्थीही लेखनाच्या भागात चांगले गुण मिळवू शकतो. त्याला दोष कोणी दाखवायचा? आपणच.

घाईबद्दलही बोलायला हवे. चिनी विद्यापीठातल्या प्रवेशासाठी एचएसकेचा निकाल परीक्षेच्या तारखेपासून दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. बारावीनंतरच्या सुट्टीत घोकून मिळवलेली पातळी रुग्णाच्या खाटेशी उभे राहण्याची वेळ येईपर्यंत कागदावरही जुनी झालेली असते, डोक्यातून तर त्याआधीच गेलेली असते. पालकांना हे स्पष्ट सांगा. प्रवेश घटतील या भीतीने गप्प राहू नका.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती. युद्धाच्या धुमश्चक्रीत, जखमींमध्ये राहून ते ती शिकले. जानेवारी १९४१मध्ये ते तिथल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि चिनी विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले. डिसेंबर १९४२मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. तेव्हा एचएसके नव्हती. त्यांच्या चिनीची परीक्षा रोज घेतली ती रुग्णांनी.

आज महाराष्ट्रात चिनी शिकवणाऱ्यांची स्थिती एकाकी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचवलेल्या परकीय भाषांच्या यादीत चिनीचे नाव राहिले नाही, जे २०१९च्या मसुद्यात होते. २०२०मध्येच चिनी शिकवणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांचा फेरआढावा सुरू झाला. मुंबई विद्यापीठातली संस्था त्यांपैकीच. भारत-चीन सीमेवरच्या घटनांनंतर सरकारने सावध व्हावे हे समजण्यासारखे आहे. पण शेजाऱ्याशी संबंध ताणलेले असताना त्याची भाषा जाणणारे अधिक लागतात, कमी नव्हे. सैन्याने एप्रिल २०२३मध्ये तेजपूर विद्यापीठाशी करार करून जवानांना चिनी शिकवायला सुरुवात केली, ती याच जाणिवेने. आपल्याकडे मात्र स्वतःचे मापन नाही, म्हणून बीजिंगहून आलेले मापन तेवढे उरते. पुण्यात जपानी शिक्षकांची संघटना वर्षानुवर्षे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचे आयोजन करते आहे आणि परीक्षेभोवती शिक्षकांचा एक समाज उभा राहिला आहे. त्या परीक्षेतही बोलणे नाही, तरी शिक्षक एकत्र असले की ती उणीव भरून काढायचे उपाय निघतात.

चिनीसाठी तसे काही करायचे तर नाशिक ही वाईट जागा नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथे १९८९पासून दूरशिक्षण देत आहे; प्रत्यक्ष दोन परीक्षकांसमोर पंधरा मिनिटे चिनीत बोलण्याची एक समान मौखिक चाचणी त्याच्या छत्राखाली घेता येईल का, हा प्रस्ताव शिक्षकांनी मिळून मांडावा. तोवर हे मासिक आपला वाटा उचलेल. पुढच्या अंकापासून दर महिन्याला एक मौखिक प्रश्नसंच छापू. पहिला वॉर्डातल्या संवादाचा, चौथ्या पातळीच्या शब्दांत बसणारा; दुसरा यंत्र जोडायला आलेल्या तंत्रज्ञाशी बोलण्याचा. प्रत्येक संचात परीक्षकाने मध्येच तोडायच्या जागा खुणा करून दिलेल्या असतील. वर्गात वापरून पाहा आणि विद्यार्थी कुठे अडले ते आम्हाला लिहून कळवा. तिसरा संच त्यावरूनच ठरवू.