जाळी घेताना अंगठा घालून पाहा

मैत्रिणींनो, परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या तुमच्यात बऱ्याच जणी असतील. घरची ताजी अंडी मिळतात, उष्टं-खरकटं वाया जात नाही आणि मुलांनाही विरंगुळा होतो. पण खुराड्याच्या जाळीचा विचार आपण कितीशा करतो? मी तरी केला नव्हता. आज माझी फजितीच सांगते, म्हणजे तुमच्यावर ती पाळी येणार नाही.

आम्ही कोकणातल्या एका लहान गावी राहतो. भाद्रपदातली गोष्ट. सकाळी सासूबाई खुराडं उघडायला गेल्या, तर नेहमीची कलकल नाही. सातांतल्या दोनच उरल्या होत्या. त्या वरच्या दांडीवर अंग चोरून बसलेल्या, आणि खाली नुसती पिसं. जाळीचा खालचा कोपरा आत रेटलेला. चिखलात पावलं उमटली होती, पुढे नखांच्या खुणा स्पष्ट. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या पावलात नखं दिसत नाहीत. तेव्हा हे काम गल्लीतल्या कुत्र्यांचं.

अंड्यांचा पैसा हा सासूबाईंचा स्वतःचा बरं का! साखरेच्या जुन्या डब्यात त्या तो साठवतात. नातवंडांचा खाऊ, लेकीची ओटी, सगळं त्यातून. कुणापुढे हात पसरत नाहीत. आणि जाळी आणली होती मी. "तू शिकलेली, तूच बघून आण," असं त्यांनीच म्हटलं होतं. त्या दिवशी त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझं चुकलं काय? दुकानात मी "कोंबड्यांसाठी जाळी द्या" एवढंच म्हटलं. त्याने षटकोनी भोकांची, पातळ तारेची जाळी गुंडाळून दिली. तिला म्हणतातच कोंबडी-जाळी! मी नावाला भुलले. ही जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते. बाहेरचा आत येऊ नये याची हमी त्या नावात नाही. दोन पावसाळ्यांत तिचा तळ गंजला होता. मी बोटांनी वाकवून पाहिलं तर तार काडीसारखी मोडली. कुत्र्याला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या खेपेला सासूबाई माझ्याबरोबर दुकानात आल्या. तिथे टांगलेल्या एकेका जाळीच्या भोकात त्यांनी अंगठा घालून पाहिला. "माझा अंगठा जातो तिथे मुंगसाच्या पिलाचं तोंड जाईल," म्हणाल्या. इतकी सोपी परीक्षा कुठल्या पुस्तकात मिळायची नाही! चेनलिंकच्या दोन इंची भोकातून मुंगूस सहज आत शिरतं. एक इंची जाळीतून मोठं जनावर येत नाही. पण पंजा आत घालून जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय ओढतं, आणि उंदीर तर येतातच. अर्धा इंची वेल्डमेशमध्ये अंगठा जात नाही. घूस, मुंगूस, उदमांजर आणि अंडी गिळण्याएवढा साप, सगळे बाहेर राहतात.

भोकाइतकीच तारेची जाडी पाहा. इथे नंबर उलटा चालतो: आकडा मोठा तितकी तार बारीक. शिवणाच्या दोऱ्याचं नाही का, ६० नंबर ४० पेक्षा बारीक? तसंच हे. २२ गेजची तार पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही, १६ गेजची दीड मिलिमीटरच्या वर भरते. पोरांना गणित शिकवणारी मी, आणि मोठा आकडा म्हणजे मजबूत असं समजून बसले होते! कुत्र्यांचा त्रास असेल तर १६ च्या खाली-वर पाहा. आणि एक विचारा, जस्ताचा मुलामा सांधे जोडण्याआधी दिलाय की नंतर? नंतर दिलेली जाळी महाग पडते, पण सांध्यांवरही जस्त चढलेलं असतं. आमच्या खाऱ्या हवेत आधी दिलेली जाळी सांध्यापासून गंजू लागते.

आता खर्च. सगळं परस भारी जाळीने वेढायला बसलात तर अंडी सोन्याची पडतील. पैसा घालायचा तो रात्रीच्या खुराड्यावर. ते लहान असतं, त्याला चारी बाजूंनी आणि वरूनही अर्धा इंचीच लावा. दिवसा फिरण्याच्या जागेला खालचे दोन-तीन फूट भारी जाळी आणि वर कोंबडी-जाळी चालते. पिलं असली तर घारीसाठी वरून मासे धरायचं जुनं जाळं ताणा. आमच्या कोळीणबाईंनी ते फुकट दिलं. नायलॉनची जाळी मात्र रात्रीच्या भरवशावर नको. उंदीर ती कुरतडतात.

लावण्यातही गोम आहे. जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका, म्हणजे जनावराने रेटली तर ती लाकडावरच दाबली जाते. आमची आतून होती, म्हणून खिळे सुटले. नुसत्या यू खिळ्यांवर भागवू नका, वरून लाकडी पट्टी मारा. जमिनीशी जाळी काटकोनात वाकवून फूट-दीड फूट बाहेर अंथरा, वर माती आणि चिरे टाका. उकरणारं जनावर कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतं. तिथे नखाला तार लागली की सहसा नाद सोडतं. दाराखालच्या फटीलाही अंगठ्याचीच परीक्षा. कडी कोयंड्यात नीट बसते का, तेही पाहा.

काही जणी विष ठेवतात. कृपा करून तसं करू नका. शेजारचं मांजर मरेल, उद्या एखाद्या पोराचा हात लागेल. आणि मुंगसाला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे.

नव्या जाळीचे पैसे सासूबाईंनी डब्यातूनच दिले, माझे घेतले नाहीत. डबा पार रिकामा झाला. उरलेल्या दोघींतली एक मार्गशीर्षात खुडूक बसली. शेजारणीकडून आणलेली अकरा अंडी सासूबाईंनी तिच्याखाली ठेवली, नऊ पिलं निघाली. तरीही रात्री जेवण झालं, की कंदील घेऊन त्या मागच्या दारी जातात आणि जाळीवरून एकदा हात फिरवून येतात.