चोर सापडला, पण वॉचमनचं काय?

लान्स आर्मस्ट्राँगचं नाव निघालं की आपण सगळे एका सुरात म्हणतो, "चोर साला!" मान्य. १९९९ ते २००५ सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकला, २०१२ मध्ये सातही विजेतेपदं गेली. पण वॉचमन काय करत होता, हे कोणी विचारतं का?

वॉचमन म्हणजे यूसीआय, सायकलिंगची जागतिक संघटना. १९९९ च्या टूरमध्येच आर्मस्ट्राँगच्या चाचणीत कॉर्टिसोन सापडलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी आली नंतर, मागची तारीख टाकून. यूसीआयने आपलाच नियम बाजूला ठेवून ती मान्य केली! पुढे याच आर्मस्ट्राँगकडून संघटनेने देणग्या घेतल्या, आधी २५ हजार डॉलर, मग १ लाख. कशासाठी? डोपिंग पकडण्यासाठी! आता बोला. बदल्यात चाचणी दाबल्याचा पुरावा २०१५ च्या चौकशी आयोगाला मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण २००६ च्या तथाकथित 'स्वतंत्र' चौकशीचा अहवाल लिहिण्यात यूसीआय आणि आर्मस्ट्राँगची माणसं सामील होती, हे त्याच आयोगाने नोंदवलंय.

आपल्या भाषेत सांगायचं तर, डेव्हलपरनेच टेस्टिंग करायचं आणि साइन-ऑफही त्यानेच द्यायचा. बग सापडेल कसा? ज्या संघटनेला खेळ मोठा करायचाय, स्टार हवाय, तीच त्या स्टारला पकडणार? शेवटी पकडलं ते अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने. तेव्हाही आधी अधिकाराचा वाद घातला तो यूसीआयने!

आणि किंमत कोणी मोजली? क्रिस्तॉफ बासों नावाच्या फ्रेंच सायकलपटूने १९९९ मध्ये डोपिंगविरुद्ध तोंड उघडलं. आर्मस्ट्राँगने त्याला शर्यतीतच घरी जायला सांगितलं, बाकीच्यांनी वाळीत टाकलं. बिचारा टूर अर्धवट सोडून गेला. वॉचमन झोपला की प्रामाणिक माणूसच सोसायटी सोडतो.

२०२१ पासून चाचण्यांचं काम आयटीए या वेगळ्या संस्थेकडे आहे. चांगलंच झालं. पण अध्यक्ष अजूनही प्रामुख्याने देशोदेशीच्या महासंघांचे प्रतिनिधी निवडतात. ज्यांचं रक्त तपासलं जातं, त्या प्रत्येक सायकलपटूला थेट मत नाही. २०२५ मध्ये दाविद लापार्तियाँ तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले, समोर उमेदवारच नव्हता. बिनविरोध निवडणुकांचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

टेस्टर वेगळा झाला, पण मॅनेजरला जाब कोण विचारणार? सगळ्या खेळाडूंना थेट मत द्या. तोवर पुढच्या चोरावर फक्त शिव्या खर्च करू नका, थोड्या वॉचमनसाठीही राखून ठेवा.