कबुतरखान्यापलीकडची बुरशी

कबुतराच्या ताज्या विष्ठेपेक्षा आडोशाला वाळून साचलेली विष्ठा अधिक घातक. एसीच्या खोक्यामागे, पोटमाळ्यावर बसलेल्या तिच्या थरांत क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स ही बुरशी टिकून राहते. खराट्याने थर खरवडला की बुरशीचे सूक्ष्म कण धुळीसोबत फुप्फुसांत शिरतात. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्यांना मात्र त्यातून मेंदूच्या आवरणाचा जीवघेणा दाह होऊ शकतो. असे रुग्ण मुंबईच्या परळमध्ये केईएम आणि टाटा रुग्णालयांत येतात. टाटाचे कित्येक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, तर काहींचा मुक्काम थेट फूटपाथवर असतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, जमावाने ती फाडली आणि श्रद्धा विरुद्ध आरोग्य असा वाद पेटला. त्या गदारोळात दोन निराळे आजार एकत्र कालवले गेले. पिसे आणि विष्ठेतील प्रथिनांमुळे होणारा फुप्फुसदाह ॲलर्जीचा; त्यावर अनेकदा स्टेरॉइड दिले जाते. बुरशीच्या संसर्गात त्याच स्टेरॉइडने रोग बळावू शकतो. बुरशी कोणती, हेही कळायला हवे. क्रिप्टोकोकसवर अँफोटेरिसिन बी, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल चालतात. कॅन्डिडा या बुरशीवर गुणकारी ठरणारी एकायनोकँडिन वर्गातील औषधे इथे निरुपयोगी.

कबुतरांएवढी चर्चा पाडकामाच्या धुळीची होत नाही, हे चिंताजनक आहे. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी पाडताना ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू हवेत उधळू शकतात, आणि रुग्णालयांजवळच्या बांधकामांतून या संसर्गाचे उद्रेक झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्यावरचे मुख्य औषध व्होरिकोनॅझोल. त्याच ट्रायझोल कुळातील रसायने राज्यातल्या द्राक्षबागांत भुरीवर फवारली जातात. अशा फवारणीने मातीतली बुरशी औषधाला सरावते आणि गोळी कधीही न घेतलेल्या रुग्णालाही ती लागू पडत नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत असे चिवट वाण भातशेतीत, चहाच्या मळ्यांत, एवढेच नव्हे तर रुग्णालयाच्या बागेतील कुंड्यांतही आढळले.

परळच्या रुग्णालयांभोवती पाडकामाला परवानगी देताना पाणी मारण्याची आणि पडदे लावण्याची अट महापालिकेने काटेकोर पाळून घ्यावी. कर्करोग व प्रत्यारोपण कक्षांतील हवा ठरावीक काळाने तपासावी. रुग्णाच्या नमुन्यातील बुरशीला कोणते औषध लागू पडते, ही चाचणी पालिका रुग्णालयांत नेमाने व्हावी आणि तिचे निष्कर्ष दरवर्षी जाहीर व्हावेत.